नागपुरात शंभर हर्ट्झचा टोन का नको : वॉकीटॉकीतल्या न ऐकू येणाऱ्या सुरांची पार्श्वभूमी

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांचे सेट असले, की एका गेटवरचा गार्ड बोलतो आणि आवाज दुसऱ्याच्या गोदामात घुमतो. त्यावर इलाज म्हणून सेटला 'टोन लावतात'. बोलण्याच्या खाली सतत चालणारा हा एक खर्जाचा सूर असतो. समोरच्या सेटला तो ओळखीचा वाटला तरच त्याचा स्पीकर उघडतो. टोनची यादी आज प्रत्येक सेटच्या मेनूत असते, ६७.० पासून २५० हर्ट्झच्या थोडं पुढपर्यंत. आकडे असे विचित्र का, आणि त्यातला १००.० आपल्याकडे त्रास का देतो, हे समजायला मागे जावं लागतं.

ही पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकेत रुळली. मोटोरोलाने तिला 'प्रायव्हेट लाइन' म्हटलं, जनरल इलेक्ट्रिकने 'चॅनल गार्ड'. पहिल्या नावाने एक गैरसमज कायमचा रुजवला. टोन लावला की आपलं बोलणं खासगी होतं, असं आजही कित्येकांना वाटतं. तसं अजिबात होत नाही. ज्याच्या सेटला टोन लावलेला नाही त्याला सगळं ऐकू येतं. टोन फक्त आपले कान झाकतो.

तेव्हा टोन ओळखायला चिप नव्हती. धातूची एक पातळ पट्टी असायची, तिला रीड म्हणत. हार्मोनियमच्या सुरासारखी ती एकाच फ्रिक्वेन्सीवर थरथरते. कॉइलमधून नेमका तोच सूर आला की पट्टी हलायची आणि स्पीकरची वाट मोकळी व्हायची. आजची सगळी यादी या पट्टीच्या मर्यादांतून आली आहे. टेलिफोनसारखा आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये भागतो, म्हणून सूर ३००च्या खाली बसवले. शेजारची पट्टी चुकून हलू नये म्हणून दोन सुरांत बहुतेक ठिकाणी तीन-साडेतीन टक्क्यांचं अंतर ठेवलं. ८८.५, ९१.५, ९४.८ असे आकडे त्यामुळेच येतात.

पट्टीला हलायला वेळ लागायचा, म्हणून 'बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला' ही शिस्त आली. ती आजही पाळावी. खर्जाचा सूर ओळखायला चिपलाही जास्त वेळ लागतो, आणि ६७.० लावलेल्या सेटवर पहिलं अक्षर कापलं जातं ते यामुळे. थांबायलाही पट्टीला वेळ लागायचा, तेवढ्यात कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी रेडिओलहर, जाई आणि कानात 'खर्रर्र' आदळे. यावर तोडगा निघाला तो फार देखणा. बटण सोडल्यावर सेट लगेच गप्प होत नाही. सुमारे १५० मिलिसेकंद तोच टोन फेज फिरवून, म्हणजे त्याच्या लाटेचा ताल सरकवून, पाठवतो, आणि त्या उलट्या धक्क्याने पट्टी जागीच थांबते. मोटोरोलाच्या रीतीत फेज १२० अंशांनी फिरते, इतर काहींच्यात १८०. पट्ट्या गेल्या, रीत राहिली. दोन बनावटींचे सेट एकत्र वापरताना शेवटची खरखर जात नसेल, तर आधी हे तपासावं.

आता आपल्या वीजपुरवठ्याकडे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिची दुप्पट १२०, आणि यादीत १२० बरोबर ११८.८ आणि १२३.० यांच्या मधल्या फटीत पडते. आपली वीज ५० हर्ट्झची, दुप्पट १००, आणि यादीत १००.० आहेच. बेस, म्हणजे एका जागी ठेवून विजेवर चालवलेल्या सेटच्या पॉवर सप्लायमध्ये फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतरचा) रिपल, म्हणजे उरलेली लहर, १०० हर्ट्झचीच असते. तो गाळायचं काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या केबिनमध्ये त्याहून जास्त. अशा उष्णतेत कपॅसिटर आतून सुकतात, रिपल वाढतो, आणि टोन न लावलेला परका बेससुद्धा हवेत १०० हर्ट्झ सोडू लागतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ मध्ये राखायची असते, म्हणजे रिपल ९९.८ ते १००.१. १००.० लावलेल्या सेटचा डिकोडर, म्हणजे टोन ओळखणारा भाग, त्याला आपलाच माणूस समजतो. बेसला खरोखरच १००.० लावला असेल तर टोन आणि रिपल एकमेकांत मिसळून हळू हेलकावे घेतात आणि स्पीकर उघड-मीट करतो. १५१.४ आणि १९९.५ हेही १५० आणि २०० च्या शेजारी, तेव्हा तेही टाळलेले बरे. ८८.५, ११८.८ किंवा १२७.३ घ्या.

शंका असेल तर बेस १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. त्रास थांबला तर दोष सप्लायचा.

आपल्या परवान्याच्या चॅनेलवर जुन्या रिपीटरचा (ऐकलेला आवाज पुन्हा पाठवणाऱ्या सेटचा) टोन शोधायचा असतो, तेव्हा बरेच जण इअरफोनच्या जॅकमधून आवाज घेतात आणि हाती काही लागत नाही, कारण ३००च्या खालचं सगळं तिथे आधीच गाळलेलं असतं. सिग्नल डिस्क्रिमिनेटरवरून, म्हणजे गाळणीच्या आधी जिथे रेडिओलहरीतून आवाज वेगळा होतो तिथून, घ्यायचा. मोबाइल सेटला डेटा जॅक असेल तर ९६०० बॉडची पिन. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तर एसडीआर शार्प या सॉफ्टवेअरमध्ये एनएफएम (नॅरो एफएम) निवडून 'फिल्टर ऑडिओ'ची खूण काढायची. मग सेकंदाला ८००० नमुन्यांनी रेकॉर्ड करून १६३८४ बिंदूंचा एफएफटी, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारं गणित. दोन सेकंदांचा तुकडा लागतो, पण अर्ध्या हर्ट्झपर्यंत नेमकेपणा मिळतो. खऱ्या टोनची एकच सडपातळ रेघ दिसते. रिपल असेल तर २०० आणि ३०० वरही रेघा उभ्या राहतात.

टोन बरोबर, तरी सेट उघडत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा चॅनेलची रुंदी असते. टोनचं डेव्हिएशन (त्याच्यामुळे कॅरियरची फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) एकूण डेव्हिएशनच्या १० ते १५ टक्के ठेवतात. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या वाइड (रुंद चॅनेलच्या) सेटला ते ५०० ते ७५० हर्ट्झ, २.५च्या नॅरोला (अरुंदला) निम्मं. बोलणारा नॅरोवर आणि ऐकणारा वाइडवर असला की टोन अर्धाच पोचतो.

१९७०च्या दशकात टोनच्या जोडीला कोड आले. मोटोरोलाने त्यांना 'डिजिटल प्रायव्हेट लाइन' म्हटलं, इतरांच्या मेनूत डीसीएस. सेकंदाला १३४.४ बिट, २३ बिटांचा शब्द, तो १७१ मिलिसेकंदांत संपतो आणि न थांबता पुन्हा सुरू होतो. त्यात तीन ऑक्टल (० ते ७ मधल्या) अंकांचे ९ बिट, ३ ठरलेले, आणि ११ गोले कोड या चूक-दुरुस्तीच्या पद्धतीचे, जे तीन बिटांपर्यंतची चूक दुरुस्त करतात. मार्सेल गोले यांनी हा कोड १९४९ मध्येच मांडला होता. शब्दाला सुरुवातीची खूण नाही, त्यामुळे काही आकडे फिरवले की दुसऱ्याच आकड्याशी जुळतात. ते गाळून बहुतेक सेटांत ८३ किंवा १०४ कोड उरले.

सिग्नल उलटा झाला, म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य झाला, की ०२३ चा ०४७ होतो. बनावट बदलली की हा घोळ हमखास होतो. कोड जुळत नसेल तर आधी मेनूतला एन (सरळ) बदलून आय (उलटा) करून बघावा. एफएफटीवर डीसीएस ओळखायला सोपा: एका रेघेऐवजी ५.८४ हर्ट्झच्या अंतराने उभा राहिलेला कंगवा. बटण सोडताना मात्र क्षणभर १३४.४ वर एकच रेघ चमकते. ती सेट बंद होण्याची खूण. हा आकडा १३१.८ आणि १३६.५ यांच्या मधला आहे, तेव्हा त्याला टोन समजून मेनूत शोधत बसू नये.