वंशावळीत आईकडची माणसं कुठं असतात?

वंशावळ हा शब्द कोल्हापूर भागात हल्ली सारखा कानावर येतोय. कुणाला जात पडताळणी करायची असते, कुणाला सातबाऱ्यावर वारस नोंद लावायची असते, आणि मग कागदावर खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील अशी सरळ रेघ ओढली जाते. आपल्याकडं येणारे हेळवी पण हीच रेघ सांभाळतात. बैल घेऊन दारात आलेला हेळवी हे घराणं मूळ कुठल्या गावचं, कुणाला किती मुलगे झाले, कोण कुठं जाऊन राहिला हे घडाघडा म्हणून दाखवतो, वहीत नवीन पोरांची नावं चढवतो आणि धान्य-पैसे घेऊन पुढच्या भावकीच्या दारात जातो. पिढ्यानपिढ्या जपलेलं हे काम लाखमोलाचं आहे, पण ही रेघ म्हणजे आपले सगळे पूर्वज नव्हेत.

हिशेब करून बघा. आईवडील 2, दोन्हीकडचे आजी-आजोबा 4, पणजी-पणजोबा 8, आणि खापरपणजोबांच्या पिढीत 16 माणसं. त्यातल्या एकाच खापरपणजोबाचं आडनाव आपण लावतो, पण बाकीच्या 15 जणांचा वाटा पण आपल्यात सरासरी तेवढाच असतो.

बापाकडून मुलाकडं जाणारी रेघ शरीरात खरंच असते, वाय गुणसूत्राची, पण ते पुरुषाच्या 46 गुणसूत्रांपैकी फक्त एक. तशीच एक रेघ आईची, मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएची, तो आईकडून सगळ्या पोरांना मिळतो पण पुढं फक्त मुलीच देतात, आणि त्यात जनुकं जेमतेम 37. बाकीचा जवळजवळ सगळा डीएनए दोन्ही बाजूंनी येतो आणि दर पिढीला पत्त्यांसारखा पिसला जातो. त्यामुळं 10 पिढ्या मागं गेलं की पूर्वजांच्या 1024 जागा होतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा डीएनएचा एक तुकडा पण आपल्यात उरलेला नसतो. तरी ते पूर्वजच, त्यातलं एक जरी माणूस नसतं तर आपण जन्मालाच आलो नसतो.

आता भावकी आणि पै-पाहुणे यातला फरक बघा. चुलत बहीण म्हणजे सख्ख्या बहिणीसारखी, कूळ एक, देवक एक, लग्नाचं नाव पण काढायचं नाही. मामाची पोरगी मात्र हक्काची बायको, आपल्या भागात अशी लग्नं कितीतरी झालीत. पण जनुकांच्या हिशेबानं चुलत आणि मामे बहीण सारख्याच जवळच्या, दोघींशी सरासरी 12.5 टक्के डीएनए जुळतो. एखादा सुप्त दोष घराण्यात असंल तर तो दोन्ही बाजूंनी बाळात येऊन आजार व्हायची शक्यता दोन्हीकडं सारखीच वाढते, देवक वेगळं असलं म्हणून ती कमी होत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड, म्हणजे लग्न चालत नाही इतकं जवळचं नातं, मोजताना वडिलांकडच्या 5 आणि आईकडच्या 3 पिढ्या धरल्यात, म्हणजे मामाची मुलगी पण त्यात येते, फक्त रूढी असंल तर सूट आहे. अशा लग्नातून झालेल्या मुलाला पणजी-पणजोबा 8 नसतात, 6 असतात, कारण दोघं जण दोन-दोन जागांवर बसलेले असतात.

हेच आणखी मागं नेलं तर 30 पिढ्यांत, साधारण यादवांच्या काळापर्यंत, 107 कोटी जागा होतात, आणि त्यावेळी अख्ख्या जगात पण एवढी माणसं नव्हती. म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात, तुमच्या माझ्या दोघांच्या झाडात येतात, आणि अमकं कूळ शुद्ध, तमकं नाही, या बोलण्याला मला तरी काही आधार दिसत नाही.

शिवाय वंश नुसता रक्तानं चालतो असंही नाही. शाहू महाराज 1874 साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले, 1884 मध्ये दत्तक येऊन करवीरच्या गादीचे वारस झाले. वाय गुणसूत्र घाटग्यांचं, गादी भोसल्यांची, आणि वारस म्हणून ते पूर्ण खरे.

म्हणून घरात वंशावळ लिहिताना आजीचं माहेरचं आडनाव, तिचं गाव, तिच्या आईचं नाव एवढं तरी आजीलाच विचारून त्याच कागदावर लिहून घ्या, सातबाऱ्यावर ते मिळत नाही आणि डीएनए टेस्टमधून नाव-गाव कळत नाही.