आखातात नोकरी : कायदा कुठला लागतो आणि निघण्याआधी कागद कोणते लागतात

नांदेड-परभणीकडचा गवंडी दुबईत कामाला लागला, की त्याचा पगार, ओव्हरटाइम, सुट्टी आणि शेवटचा हिशोब यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यानं ठरतो. एजंट छत्रपती संभाजीनगरचा असो की सही मुंबईत झालेली असो, काम जिथं, कायदा तिथला. पगार थकला तर तक्रारही तिथल्याच कामगार खात्याकडे करायची.

व्हिसावरचा हुद्दा मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. सौदीत कंपनीचा ड्रायव्हर कामगार कायद्यात येतो. ‘हाउस ड्रायव्हर’ घरकामगारांत धरला जातो आणि त्याला वेगळे नियम लागतात. एजंट तोंडानं ‘कंपनी’ म्हणतो आणि व्हिसा घरचा काढतो, ही जुनी चलाखी आहे.

भारताचा १९८३ चा उत्प्रवास (कामासाठी देशाबाहेर जाण्याचा) कायदा लागतो तो विमानात बसेपर्यंत. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) असतो. अशा पासपोर्टवर सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. दहावी झाली असेल तर आधी गुणपत्रिका दाखवून पासपोर्टवरची ईसीआर नोंद रद्द करून घ्या. ईसीआर पासपोर्टवर कामाला जाणाऱ्या महिलेचं वय किमान ३० हवं.

मंजुरीचा अर्ज सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर होतो, बहुतेक वेळा एजंटमार्फत. सहा महिन्यांहून जास्त मुदत उरलेला पासपोर्ट, नोकरीचा व्हिसा, मालकाच्या सहीचा करार आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी (दोन वर्षांचे २७५, तीन वर्षांचे ३७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख) हे कागद लागतात.

एजंटचा परवाना त्याच पोर्टलवर तपासता येतो. त्याला कायद्यानं ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख मागणाऱ्याला पावतीचं विचारून बघा. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. त्यात मंजुरी नाही, विमा नाही, नोंदलेला करारही नाही.

कराराची आणि व्हिसाची एकेक प्रत घरी ठेवा. पुढं परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर दूतावासाकडे किंवा एजंटविरुद्ध मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याकडे) तक्रार करायची वेळ आली, तर घरच्यांना हेच कागद जोडावे लागतात.