ताबेई, जुन्को

ताबेई, जुन्को : (२२ सप्टेंबर १९३९–२० ऑक्टोबर २०१६). जपानी गिर्यारोहक, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलेली पहिली महिला. १६ मे १९७५ रोजी त्यांनी नेपाळच्या बाजूने, आग्नेय धारेवरून हे शिखर गाठले. पुढे १९९२ पर्यंत सातही खंडांतली सर्वोच्च शिखरे त्यांनी पायाखाली घातली, आणि त्यातही महिलांमध्ये त्याच पहिल्या. ‘पहिली महिला’ हे बिरूद मात्र त्यांना कधी फारसे रुचले नाही. एव्हरेस्टवर पोहोचलेली छत्तिसावी व्यक्ती, एवढी ओळख पुरे, असे त्या म्हणत.

८,८४८ मीटर हा आकडा वाचून डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. खान्देशी माणसाला ठाऊक असलेला उंच डोंगर म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला अस्तंभा, १,३२५ मीटरचा. धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या दर्शनाला रात्रीतून चढणाऱ्यांचे गुडघे तेवढ्यातच बोलू लागतात. असे चार अस्तंभे एकावर एक रचले की आपण जेमतेम एव्हरेस्टच्या बेस कॅम्पापाशी येतो. तिथेच हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर आलेला असतो. खरी चढाई तिथून पुढे. आणखी अडीच अस्तंभ्यांहून जास्त, सगळी बर्फातली.

जुन्को यांचा जन्म फुकुशिमा प्रांतातल्या मिहारू या गावी झाला. माहेरचे आडनाव इशिबाशी. लहानपणी त्या अशक्त म्हणूनच ओळखल्या जात. दहा वर्षांच्या असताना शाळेच्या सहलीबरोबर नासू पर्वतावर गेल्या आणि डोंगराचे वेड लागले ते तिथे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळेच्या वर्षांत फार थोड्या चढाया झाल्या. टोकियोच्या शोवा महिला विद्यापीठातून इंग्रजी साहित्य घेऊन १९६२ मध्ये त्या पदवीधर झाल्या. मग भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकाच्या संपादनाचे काम धरले आणि सुट्टी मिळाली की डोंगर. तेव्हाचे गिर्यारोहण मंडळ म्हणजे पुरुषांचा अड्डा. काहींनी त्यांच्याबरोबर दोराला बांधून घ्यायला नकार दिला; ही नवरा शोधायला येते, असेही काहींचे म्हणणे पडले. नवरा गिर्यारोहकच मिळाला, हे खरे. मासानोबू ताबेई यांची गाठ डोंगरातच पडली. पण बायको एव्हरेस्टवर असताना तीन वर्षांच्या मुलीला सांभाळणारा तो गृहस्थ टोमणे मारणाऱ्यांच्या हिशेबात बसणारा नव्हता.

१९६९ मध्ये त्यांनी फक्त महिलांचे गिर्यारोहण मंडळ काढले. ‘परदेशातली मोहीम आपली आपणच काढू’ हे त्याचे ब्रीद. लगेच पुढच्या वर्षी अन्नपूर्णा-३ (७,५५५ मी.) या शिखराची मोहीम निघाली आणि १९ मे १९७० रोजी जुन्को व हिरोको हिराकावा शेर्पांसह माथ्यावर पोहोचल्या. या शिखरावरची ती महिलांची पहिलीच चढाई, आणि तीही दक्षिणेकडच्या नव्या वाटेने. मोहिमेत एक अडचण निघाली, ती बर्फाइतकीच टणक होती. जपानी मुलींना लहानपणापासून शिकवण एकच : सोसायचे, पण बोलायचे नाही. अमुक गोष्ट येत नाही, दम लागला, मदत हवी, हे तोंडातून निघेना. डोंगरावर असे गप्प राहणे जिवावर बेतते. आपल्याकडे ‘बाईच्या जातीने’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

एव्हरेस्टचा परवाना मागितला १९७१ मध्ये. पाळी आली चार वर्षांनी. मधली वर्षे पैसे जमवण्यात गेली. पंधराजणींच्या तुकडीत बहुतेक नोकरदार बायका. कंपन्यांकडे हात पसरले तेव्हा उत्तर ठरलेले : बायकांनी मुले सांभाळावीत. अखेर ‘योमिउरी’ हे वृत्तपत्र आणि निप्पॉन टेलिव्हिजन यांनी मदत केली, तरी प्रत्येकीला स्वतःचे जवळजवळ वर्षभराच्या पगाराइतके पैसे घालावे लागले. जुन्को घरी पियानोच्या शिकवण्या घेत. विकतचे सामान परवडत नव्हते, तेव्हा शिवणकाम सुरू झाले. जुन्या मोटारीच्या सीटच्या कव्हरांतून पाणी न शिरणारे वरचे हातमोजे निघाले, पडद्याच्या कापडातून विजारी. चीनमधून हंसाची पिसे मागवून ती भरून झोपण्याच्या पिशव्या घरीच शिवल्या. शाळेतल्या मुलांनी जेवणातल्या जॅमच्या न फोडलेल्या पुड्या शिक्षकांकडे दिल्या, त्याही शिध्यात गेल्या. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने गोधडी शिवणाऱ्या आपल्या आयाबायांना हा सगळा खटाटोप लगेच उमगेल. फरक इतकाच की ही गोधडी ६,३०० मीटरवर अंथरायची होती.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सप्तशृंगीचे माहेर खान्देश, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. चैत्र पौर्णिमेला धुळे-जळगावकडून उन्हातान्हात गडावर पायी निघालेल्या बाईला ‘घरी पोरांकडे कोण बघतंय?’ असे कोणी विचारत नाही. नवस असला की बाईला डोंगर मोकळा असतो. जुन्को यांच्याजवळ नवसाचे निमित्त नव्हते. चढावेसे वाटते म्हणून चढायचे होते. त्यांना सहन न करणाऱ्यांचा राग मला वाटते बाईच्या चढण्यापेक्षा या बिननिमित्ताच्या हौसेवरच जास्त होता.

मोहिमेच्या नेत्या होत्या एइको हिसानो, जुन्को उपनेत्या. ४ मे १९७५ च्या पहाटेआधी दुसऱ्या कॅम्पवर हिमकडा कोसळला आणि तंबू गाडले गेले. जुन्को बर्फाखाली बेशुद्ध पडल्या; शेर्पांनी ओढून बाहेर काढेपर्यंत सुमारे सहा मिनिटे गेली. कोणी दगावले नाही. अंगभर मुका मार होता, दोन दिवस धड चालता येत नव्हते. तरी परत फिरायची गोष्ट त्यांनी काढली नाही. ठरले होते दोघींनी माथ्यावर जायचे. पण उंचीच्या आजाराने शेर्पा हैराण झाले, दोघींना पुरतील इतकी ऑक्सिजनची नळकांडी वर नेणे जमेना. एकीलाच जाता येणार होते. बरीच चर्चा होऊन हिसानो यांनी जुन्को यांचे नाव घेतले.

माथ्याच्या अलीकडे एक बर्फाची धार लागली, सुरीच्या पात्यासारखी अरुंद. आधीच्या मोहिमांचे वृत्तान्त त्यांनी वाचलेले होते. या धारेचा उल्लेख कुठेही नव्हता. त्याचा त्यांना भारी संताप आला. धारेवर पोट टेकून, कमरेवरचे अंग चीनच्या बाजूला आणि पाय नेपाळच्या बाजूला अशा अवस्थेत त्या आडव्या सरकत गेल्या. इतका ताण आयुष्यात कधी आला नव्हता, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. हिमकड्याखालून निघाल्यावर बाराव्या दिवशी, शेर्पा आंग त्सेरिंग यांच्यासह, जेमतेम पाच फूट उंचीची ही बाई जगाच्या माथ्यावर उभी होती. त्याच मे महिन्यात खाली आपल्याकडे केळीची पाने उन्हाने करपत असतात.

अकराच दिवसांनी, २७ मे रोजी, तिबेटच्या बाजूने फांतोग ही तीन मुलांची आई माथ्यावर आली. भारताच्या बचेंद्री पाल यांचा दिवस उजाडला नऊ वर्षांनी, २३ मे १९८४ रोजी. त्या जगातल्या पाचव्या. विशेष म्हणजे कॅम्पवर हिमकडा कोसळून गाडले जाण्याचा प्रसंग त्यांच्यावरही आला होता.

एव्हरेस्टनंतर नेपाळच्या राजाकडून आणि जपान सरकारकडून गौरव झाला, कीर्ती झाली. आता कंपन्यांची दारे उघडी होती. पण जुन्को यांनी प्रायोजक घेतले नाहीत. व्याख्याने, वाटाड्याचे काम आणि मुलांच्या शिकवण्या यांतून त्या पुढच्या मोहिमांचा खर्च काढत. मंडळाचे ब्रीद त्यांनी असे शेवटपर्यंत पाळले. १९८१ मध्ये तिबेटमधले शिशापांग्मा शिखर झाले. खंडोखंडीच्या शिखरांपैकी आफ्रिकेतले किलिमांजारो १९८० मध्ये, दक्षिण अमेरिकेतले अकोंकाग्वा १९८७ मध्ये, अलास्कातले देनाली १९८८ मध्ये आणि अंटार्क्टिकातले विन्सन १९९१ मध्ये चढून झाले. इंडोनेशियातले कार्स्टेन्झ पिरॅमिड आणि युरोपातले एल्ब्रुस धरून सातांचा हिशेब पुरा झाला. सत्तरहून अधिक देशांतली सर्वोच्च शिखरे त्यांनी पाहिली.

उतारवयात लक्ष गेले ते डोंगरावर माणसांनी टाकलेल्या घाणीकडे. गिर्यारोहकांनी मागे टाकलेल्या कचऱ्यामुळे एव्हरेस्टचा परिसर कसा बिघडतो, या विषयावर क्यूशू विद्यापीठात अभ्यास करून २००० मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. हिमालयाची काळजी वाहणाऱ्या जपानी न्यासाच्या त्या प्रमुख होत्या आणि सफाईच्या मोहिमांत स्वतः उतरत. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही गडाची वाट पाहिली, पाण्याच्या बाटल्या आणि द्रोणांचा तो खच, की हा प्रश्न हिमालयापुरता राहत नाही.

२०११ च्या भूकंपात त्यांच्या माहेरचा फुकुशिमा प्रांत उद्ध्वस्त झाला. तिथल्या शाळकरी मुलांना त्या दरवर्षी फुजी पर्वतावर (३,७७६ मी.) घेऊन जाऊ लागल्या. २०१२ मध्ये कर्करोगाचे निदान झाले, उपचार सुरू झाले. फुजीची फेरी चुकली नाही. जुलै २०१६ मध्ये त्या मुलांबरोबर शेवटच्या चढावर होत्या. ऑक्टोबरात कावागोए येथे त्यांचे निधन झाले. ६८९७ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव आहे, आणि प्लूटोवर तेन्झिंग व हिलरी यांच्या नावांच्या पर्वतरांगा आहेत, तशी २०१९ पासून एक ताबेई यांच्याही नावाची आहे.