गावठाणातली मराठी शाळा (नवी मुंबई)

गावठाणातली मराठी शाळा म्हणजे नवी मुंबईतल्या मूळ आगरी-कोळी गावांमधली प्राथमिक शाळा, सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे नोड, म्हणजे आखून वसवलेले शहरी भाग, उभे राहायच्या कितीतरी आधीची. घणसोली, तुर्भे, बेलापूर अशा गावांतली जुनी माणसं अजूनही 'मराठी शाळा'च म्हणतात, पालिकेचा शाळा क्रमांक त्यांच्या तोंडात बसलेला नाही.

शाळेचे मालक बदलत गेले. आधी जिल्हा स्कूल बोर्ड, १ मे १९६२ पासून ठाणे जिल्हा परिषद (पनवेल-उरणकडच्या गावांना कुलाबा म्हणजे आताचं रायगड), मग १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या, १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि तिच्या हद्दीतल्या शाळा पुढे पालिकेकडे आल्या.

पण गावासाठी शाळा म्हणजे हेडमास्तर, म्हणजेच 'मोठे गुरुजी' किंवा 'मोठ्या बाई'. एकशिक्षकी शाळेत तर शिकवणं, घंटा, हजेरी, पत्रव्यवहार सगळं एकाच माणसावर, आणि मिठागरावर नाहीतर भातलावणीला गेलेली पोरं घरोघर फिरून वर्गात आणून बसवणं हेही त्यातच आलं, ते कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नसायचं. ऑफिसात मुख्याध्यापकांच्या नावांचा बोर्ड असतो, पासून-पर्यंत तारखांसकट, शाळेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथूनच करावी.

दुसरा आधार म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर, शाळेत आलेल्या आणि शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद. पानं पिवळी पडलेली, कडा फाटलेल्या, शाई कुठे निळी कुठे लाल, आणि जन्मतारखेच्या रकान्यात एकाखाली एक १ जून, १ जून. जन्माची नोंद नसलेल्या पोराला शाळेत घेताना गुरुजी अंदाजाने वय धरून हीच तारीख टाकायचे, आणि त्या एका नोंदीवर पुढे माणसाची नोकरी, रिटायरमेंट, पेन्शन सगळं चाललं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात गावकऱ्यांना द्यायचा भूखंड) वारसाची कागदपत्रं जमवतानाही लोक जुना दाखला काढायला इथेच आले. ही रजिस्टरं जपणं हे मुख्याध्यापकाच्या कामातलं सगळ्यात मोठं काम आहे असं माझं ठाम मत आहे, ती आधी स्कॅन व्हायला हवीत.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. शाळा व्यवस्थापन समिती आली, तिच्यात ७५ टक्के पालक, निम्म्या महिला. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळेला दीडशेच्या वर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक, नाहीतर सीनियर शिक्षकाकडे प्रभारी चार्ज, म्हणजे वर्ग सांभाळून पोषण आहाराचा हिशोब, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंदणी), ऑनलाइन माहिती सगळं त्याच्याच गळ्यात.

आता गावातली बरीच पोरं इंग्लिश मीडियमला जातात. पालिकेनेही मराठीसोबत हिंदी, उर्दू, इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या. मराठी शाळेच्या बाकावर बसतात ती जास्त करून मराठवाड्यातून, विदर्भातून नाक्यावरच्या नाहीतर एमआयडीसीतल्या कामासाठी आलेल्या आईबापांची मुलं, आणि त्यांचीही नावं त्याच रजिस्टरच्या पुढच्या पानावर चढतात, फक्त जन्मतारीख आता दाखल्यावरची असते.