माकड हसत नसतं

डोंगरवाटेवर दगडावर माकड बसलेलं दिसलं की चार वर्षांचं मूल हमखास तीन गोष्टी करतं. थबकून एकटक बघतं, दात दाखवून हसतं आणि हातातला खाऊ आणखी घट्ट धरतं. तिन्ही अगदी निरागस, आणि माकडासमोर तिन्ही चुकीच्या.

आधी नजरेचं बघू. लालतोंड्या माकडांच्या कुळात डोळ्याला डोळा भिडवणं ही सरळ धमकी असते. कळपातलं दुबळं माकड वरचढापुढे नजर वळवतं. मूल नजर वळवत नाही, कारण टक लावून बघणं हाच त्याचा शिकण्याचा मार्ग असतो.

दातांचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. ऱ्हीसस माकड (उत्तर भारतात सर्रास दिसणारं लालतोंडं माकड) आवाज न करता ओठ मागे खेचून दात विचकतं, तेव्हा बहुधा ते घाबरलेलं असतं, ‘मी तुझ्याहून खालचा’ असं सांगत असतं. आपल्याला ते हसल्यासारखं वाटतं. उलट खरी धमकी देताना ते दात फारसे दाखवतच नाही: तोंड गोल उघडलेलं, भुवया वर, नजर रोखलेली. २०१७ साली ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी बार्बरी माकडांच्या (उत्तर आफ्रिकेतली, याच कुळातली माकडं) चेहऱ्यांची छायाचित्रं लोकांना दाखवून भाव ओळखायला सांगितले. रागावलेला चेहरा काहींना साधा, तर काहींना चक्क मैत्रीचा वाटला. या माकडांसोबत काम केलेले लोकही थोडेफार चुकले. मग चार वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची? गुरगुरणारा कुत्रा हसतोय असं लहान मुलांना वाटतं, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे.

आता आकार. मोठा ऱ्हीसस नर साधारण सात-आठ किलोचा असतो, दोन वर्षांचं मूल बारा किलोच्या आसपास. म्हणजे मोठ्या माणसापुढे बिचकणाऱ्या माकडाला मूल बरोबरीचं वाटू शकतं. त्यात हातात खाऊ आणि मूठ सैल करायला तयार नाही! बरेच ओरखडे या ओढाताणीतूनच येतात. म्हणून माकडानं हात घातला तर खाऊ सोडून द्यायचा, हे मुलाला घरीच शिकवावं. खेळ म्हणून: बाबा माकड होतील, तू मूठ उघड, रिकामे तळवे दाखव, नजर जमिनीकडे ठेव आणि हळूहळू आईकडे सरक. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. दोन-तीनदा खेळलं की मुलांना जमतं. विसर पडतो तो मोठ्यांनाच.

पाठीवरच्या झोळीतल्या बाळाच्या हातात तर काही देऊच नका. मागून काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, माकडाला मात्र सगळं दिसतं. माकडं दिसली की बाळ पुढे घ्यावं. पिल्लू पोटाशी धरलेली माकडीण असेल तर फोटोचा मोह आवरून लांबूनच वळसा घालावा. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये येणं तिला अजिबात खपत नाही.

एवढं करूनही चावा बसला किंवा नखाचा ओरखडा उठला, रक्त आलं नसलं तरी, जखम साबण आणि भरपूर पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. माकडापासून रेबीज होऊ शकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यातून जवळजवळ कुणीच वाचत नाही, त्यामुळे ‘बघू उद्या’ चालत नाही. पंधरा मिनिटं धुवायचं म्हणजे पाणी बरंच लागतं. साबणाची वडी आणि एक जादा बाटली सॅकच्या वरच्या कप्प्यातच ठेवावी.