आधी कुणाचं दळण होतं?

सोलापुरात गिरणीत डबा ठेवताना बायका आधी विचारतात, "आत्ता कशावर टाकणार?" बाजरीवर गहू टाकला तर चपाती काळपट होते. म्हणून गिरणीवाला पहिलं मूठभर पीठ बाजूला काढतो. फ्लो सायटोमीटर या यंत्रावर पाळी लावतानाही हाच प्रश्न विचारायचा असतो.

हे यंत्र पेशी एकेक करून तपासतं. पेशी मिसळलेला द्रव मिठाच्या पाण्याच्या वेगवान धारेत मधोमध सोडतात. भोवतीचं पाणी त्याला दाबून इतकं बारीक करतं की पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारो. समोर पडणाऱ्या उजेडावरून पेशीच्या आकाराचा अंदाज येतो, बाजूला विखुरलेल्या उजेडावरून आतल्या दाणेदारपणाचा. आधी चिकटवलेल्या चमकत्या रंगांवरून तिची जात कळते. एचआयव्ही रुग्णाच्या सीडी4 पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मोजायला आणि रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ओळखायला ही पद्धत वापरतात.

यंत्र महाग, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते सामायिक असतं. 2020 पासून केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं शोधून वेळ मागता येते. समजा, पुण्यातल्या यंत्रावर पाळी मिळाली. सोलापूरहून पुणे सुमारे 250 किलोमीटर. पांढऱ्या पेशींच्या तपासणीसाठी रक्त न्यायचं तर ते बर्फात ठेवायचं नाही, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा 'साधी खोली' डब्यातच घेऊन जावी लागते. बर्फ नाही, पण ऊनही नाही, असा जाड थर्माकोलचा डबा.

वेळ किती मागायची, इथे नवखे हमखास फसतात. समजा, 24 नळ्या आहेत आणि प्रत्येकीला दोन मिनिटं, म्हणजे 48 मिनिटं. एक तास पुरेल? नाही पुरणार. पाच रंग वापरले असतील तर एकेका रंगाची एक आणि बिनरंगाची एक, अशा सहा नळ्या वाढतात. रंगांचा उजेड एकमेकांच्या हद्दीत शिरतो, तो किती हे या नळ्यांशिवाय कळत नाही. झाल्या 30 नळ्या, एक तास. लेझर स्थिर व्हायला अर्धा तास, धुवायला पंधरा मिनिटं. सरळ दोन तास मागावेत. आणि प्रयोग फसला तर आदल्या दिवशीच पाळी सोडावी. ऐन वेळी रिकामा राहिलेला तास कुणाच्याच कामी येत नाही, आणि पेशी काही वाट बघत थांबत नाहीत.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो गाळण्याचा नियम, आणि सर्वांत जास्त मोडला जातो तोही तोच. मेलेल्या पेशी फुटल्या की आतला डीएनए बाहेर येतो. तो चिकट असतो, शेजारच्या जिवंत पेशींना धरून गुठळी करतो. तांबडी पेशी साधारण 7-8 मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्या जागी शंभर पेशींचा गोळा आला की नळी तुंबते. म्हणून 35-40 मायक्रोमीटरच्या जाळीतून नमुना गाळूनच आत सोडायचा. ज्वारीतले खडे निवडायला कंटाळा केला की जातं बोलतंच.

मानवी रक्त असेल, जंतू असतील, तर ते अर्जातच लिहावं. याच यंत्राचा एक प्रकार पेशी मोजून वेगळ्याही काढतो. तो धारेचे थेंब पाडतो, त्यांना विद्युतभार देऊन वेगळ्या नळ्यांत वळवतो. 1965 मध्ये अमेरिकी संशोधक मॅक फुलवायलर यांनी ही युक्ती शाईच्या थेंबांनी लिहिणाऱ्या यंत्रावरून उचलली. थेंब उडाले की सूक्ष्म तुषार हवेत जातात. ते कुणाच्या श्वासात जातील, हे ऑपरेटरला आधी कळायला हवं.

शेवटी धुणं. दहा टक्के ब्लीच पाच मिनिटं, मग शुद्ध पाणी पाच मिनिटं, या क्रमानं. पाण्याचा भाग टाळला तर ब्लीच आत राहतं आणि पुढच्याच्या पेशी मारतं. पुढची पाळी तासाभरात असेल तर लेझर चालू ठेवून जावं, नाहीतर बंद करावेत. दुसऱ्यानं जुळवलेली सेटिंग्ज बदलू नयेत, आपली वेगळ्या नावानं साठवावीत.

आणि लॉगबुक. एका प्रयोगशाळेत मी त्यातली एक ओळ वाचली होती, घाईच्या अक्षरात: 'बुडबुडे दिसले, दोनदा धुतलं, तरी पहिली नळी पाण्याची लावा.' पुढच्या मुलीनं पाण्याची नळी लावली. पडद्यावर काहीच दिसायला नको होतं, तिथे काही क्षण ठिपके उमटत राहिले, कुणा दुसऱ्याच्या पेशींचे.