मॅग्निफायर की स्क्रीन रीडर? लॅपटॉप घेण्याआधी हे ठरवा

मावशीसाठी लॅपटॉप बघायला लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. 'नजर कमी आहे' एवढं ऐकताच दुकानदाराने सगळ्यात मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप पुढे केला. मावशीसाठी ते बरोबरच होतं. पण आमच्या शेजारच्या मुलाला अजिबात दिसत नाही, त्याच्यासाठी मोठी स्क्रीन म्हणजे फुकटचं ओझं. विंडोजमध्ये दोघांच्या सोयी एकाच ॲक्सेसिबिलिटी मेनूत असतात, म्हणून आपली गल्लत होते.

मावशीला लागतो मॅग्निफायर. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकदम दाबलं की स्क्रीनवरचं सगळं मोठं होतं. मात्र २०० टक्के मोठं केलं तर एका वेळी स्क्रीनचा पावच भाग दिसतो, बाकीचा माउस सरकवत शोधायचा. म्हणून १५.६ इंची स्क्रीन घ्या, आणि मॅटच घ्या. चकचकीत स्क्रीनवर आधी मागची ट्यूबलाइट दिसते. कीबोर्डही बघा. चंदेरी बटणांवरची करडी अक्षरं मावशीला नाक टेकवूनही लागेनात. काळ्या बटणांवर ठळक पांढरी अक्षरं मिळाली, तेव्हा तिने स्वतःचं नाव एका दमात टाइप केलं.

शेजारच्या मुलाला लागतो स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो एनव्हीडीए वापरतो. ते फुकट मिळतं, मराठीही वाचतं, आणि २००६ साली ते बनवायला घेणारे ऑस्ट्रेलियाचे मायकल करन स्वतः अंध आहेत. इथे स्क्रीनवरचे पैसे वाचवून एसएसडी (वेगवान डिस्क) आणि निदान ८ जीबी रॅमवर घाला. बटण दाबल्यावर आवाज अर्धा सेकंद जरी मागे राहिला, तरी टाइप करणाऱ्याची लय तुटते. हेडफोनचं भोक हवंच. तो लोकलमध्ये एनव्हीडीएचा 'स्क्रीन कर्टन' लावतो. स्क्रीन काळीठिक्कर होते आणि त्याचे मेल शेजारचा प्रवासी वाचू शकत नाही.

त्याचा सगळा कारभार बोटांवर. एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे स्पष्ट लागायला हवेत. काही लॅपटॉपमध्ये पॉवरचं बटण डिलीटला चिकटून असतं, तिथे चुकून मशीन झोपी जातं. एनव्हीडीएच्या बहुतेक आज्ञा इन्सर्ट बटणाने सुरू होतात. ते बटण नसेल तर कॅप्स लॉकवर काम भागतं, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगला लॅपटॉप नाकारू नका.

दुकानातच कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबा. विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, बोलू लागेल. मग वापरणाऱ्यालाच खुर्चीत बसवा, आपण मागे उभं राहायचं. विंडोज 'एस मोड'मध्ये, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालू देणाऱ्या रूपात, आहे का तेही विचारा, कारण त्यात एनव्हीडीए चालत नाही. एस मोड काढायला पैसे लागत नाहीत, पण काढला की परत लावता येत नाही.

नजर हळूहळू कमी होत असेल तर दोन्हींची सवय आतापासून लावलेली बरी. संध्याकाळी डोळे शिणले की मावशी आता मॅग्निफायर बंद करते आणि लांबलचक मेल नॅरेटरकडून ऐकते.